एका मंडलाचा वॉर्ड

वत्सला नर्स झाली तेव्हा तिचे वडील वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. ओरत्तनाडूजवळ त्यांची भातशेती होती, गावातले म्हातारे अजून त्यांना राजा म्हणून हाक मारत, आणि अशा मराठा घरातली मुलगी परक्या पुरुषांची शौचाची भांडी उचलणार म्हणजे काय! पुढं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचंच भांडं तिला उचलावं लागलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. पहिलं वाक्य बोलले ते असं, "पाणी फार गार आहे." वत्सला ही गोष्ट सगळ्यांना हसत सांगायची. तिच्या मते माणसं अशीच सुधारतात. उपदेशानं नाही, अडचणीनं.

आता तिची पंचेचाळिशी उलटली होती. तंजावूरच्या एका सरकारी मनोरुग्णालयात मागच्या अंगाला, आंब्यांच्या आड एक बसकी कौलारू इमारत होती, तिथं ती कित्येक वर्षं सिस्टर होती. इमारतीला कागदोपत्री भलंमोठं नाव होतं, पण सगळे तिला कोर्टवॉर्ड म्हणत. दारूच्या किंवा गांजाच्या नशेत गुन्हा केलेली, पण नुसतं तुरुंगात घालण्यापेक्षा उपचार केलेले बरे असं मॅजिस्ट्रेटला वाटलेली माणसं तिथं येत. कुणी बायकोचा हात मोडलेला असे, कुणी बसच्या काचा फोडलेल्या असत. एकजण तर देवळाची हुंडी, म्हणजे दानपेटी, उचकटता उचकटता तिच्यावरच डोकं ठेवून झोपी गेला होता. वत्सला सगळ्यांना एकाच आवाजात जेवायला बोलवायची.

पूर्वी ही माणसं सहा महिने राहत. सुरुवातीला घाम, कंप, भिंतीवर नसलेले साप दिसणं. मग हळूहळू भूक. मग मागच्या मळ्यात काम, रोज सकाळी व्हरांड्यात गोल बसून एकमेकांशी बोलणं. आणि शेवटी शेवटी शनिवार-रविवार घरी जाऊन परत येणं. हे घरी जाऊन परत येणंच खरं औषध, असं वत्सला म्हणायची. वाटेत ब्रांडीचं दुकान लागतं. त्याच्यासमोरून चालत जायचं आणि चालत परत यायचं, हे वॉर्डात बसून शिकता येत नाही. कुणी पिऊन परत आला तर त्याला गोलात बसवत आणि विचारत, काय झालं ते सांग. ते सांगताना माणसाचा जो चेहरा होई, तो पाहूनच वत्सलेला कळे की हा टिकेल की नाही.

मग ते नवे दिवस आले. गावात घरोघर केबलची वायर गेली, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ लागले, बसस्टँडसमोरच्या ब्रांडीच्या दुकानांना रंगीत दिव्यांच्या पाट्या आल्या. सगळीकडं वाढ होती, कोर्टवॉर्डात मात्र उलटं. मळ्याचा माळी निवृत्त झाला तो झालाच, त्याच्या जागी कुणी आलं नाही. दोन सिस्टर बदलून गेल्या, त्यांच्याही जागा रिकाम्या राहिल्या. कोर्टाकडून येणारी माणसं मात्र दुपटीनं वाढली.

त्याच सुमाराला वॉर्डाचे मुख्य म्हणून डॉक्टर सेतुमाधव आले. ते तिरुवैयारूचे, माध्व ब्राह्मण, घरात मराठी बोलणारे. वॉर्डात ते तमिळ बोलत, फायलीत इंग्रजी लिहीत आणि काही गळ्यात मारायचं असलं की वत्सलेशी मराठी बोलत.

"वत्सलाबाई, बसा जरा," असं ते मराठीत म्हणाले, तेव्हाच तिनं ओळखलं.

"वरून सांगितलंय. सहा महिने आता जमणार नाही. सात आठवडे."

"सात आठवड्यांत त्यांना नुसती भूक लागायला लागते, डॉक्टर."

"लागली की घरी जाऊन जेवतील." आपला विनोद आपल्यालाच आवडला नाही तसा त्यांनी चष्मा पुसला. "खाटा तेवढ्याच आहेत. थोड्यांना पुरतं बरं करू आणि बाकीच्यांना तुरुंगात पाठवू? का सगळ्यांना निदान उभं करून सोडू? तुम्हीच सांगा."

माणूस वाईट नव्हता. ज्याला एकच भाकरी दिली आणि घरभर माणसं वाढून ठेवली, तो करणार काय? त्यांनी मळ्याचं काम काढलं, गोल बसणं राखलं, आणि शेवटचं घरी जाऊन परत येणं तेवढं गाळलं.

खरी पंचाईत झाली ती नातेवाइकांची. पहिल्याच महिन्यात एका बाईनं फाटकातच भांडण काढलं. "शेजारणीच्या भावाला अर्धं वर्ष ठेवून घेतलंत, माझ्या नवऱ्याला एवढंच? अर्धा कच्चा भात वाढताय का सिस्टर? का तो मोठ्या घरचा होता आणि आम्ही नाही?"

ऊन रणरणत होतं, मागं आणखी चार बायका उभ्या होत्या, आणि वत्सलेच्या तोंडून निघून गेलं, "अहो, एक मंडल आहे ते. मंडलभराचं औषध."

"मंडल का?" बाई म्हणाली. "मग तसं सांगा ना." आणि शांतपणे छत्री उघडून निघून गेली.

त्या मुलखात मंडल म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. वैद्य काढा देतो तो मंडलभर. मूल होत नसलं तर बायका पिंपळाला फेऱ्या घालतात त्या मंडलभर. शबरीमलैला जाणारे पुरुष गळ्यात माळ घालून मंडलभर अनवाणी राहतात, पहाटे गार पाण्यानं न्हातात, दारू-मटणाला शिवत नाहीत आणि एकमेकांना सामी म्हणतात. मंडल म्हणजे सात आठवड्यांना एखादा दिवस कमी. डॉक्टरांच्या सात आठवड्यांवर ते कुलुपावर किल्ली बसावी तसं बसलं.

आणि काय सांगावं, वॉर्डच बदलला. पूर्वी माणसं खिडकीच्या गजातून बाटल्या मागवायची, भिंतीवरून उड्या मारायची. आता ती पहाटे उठून नळाखाली बसू लागली. चपला दाराबाहेर राहिल्या त्या राहिल्याच. एकमेकांना सामी म्हणू लागली. अशक्तपणा जावा म्हणून इस्पितळाकडून रोज एकेक उकडलेलं अंडं मिळे, ते सगळ्यांनी परत पाठवलं.

डॉक्टर सेतुमाधव कपाळाला हात लावून म्हणाले, "मी माध्व ब्राह्मण, मी यांना अंडी खा म्हणून विनवतो, आणि हे मटण खाणारे कळ्ळर आणि मराठे म्हणतात आम्ही सोवळ्यात आहोत!"

शेवटच्या दिवशी फाटकाजवळच्या पिळ्ळैयारपुढं, म्हणजे गणपतीच्या छोट्या देवळीपुढं, नारळ फुटे, कापूर पेटे, गूळभाताचा गोड पोंगल वाटला जाई. बायको नवी वेष्टी, तिकडचं धोतर, घेऊन येई आणि नवरा ती नेसून घरी जाई. कोर्ट खूश, डॉक्टर खूश.

वत्सलेचा नवरा कृष्णाजी वीजमंडळात कारकून होता. तिनं घरी हा थाट वर्णन करून सांगितला की तो म्हणे, "तू नर्स आहेस का यात्रा नेणारा गुरुसामी? उद्या डोक्यावर इरुमुडीचं गाठोडं घेऊन शबरीमलैला निघशील, आणि मला डबा कोण देणार?"

"तुम्हाला पण एक मंडल बसवते. पानतंबाखूचं."

"ते व्रत मला झेपायचं नाही," म्हणून तो पानाची चंची घेऊन ओट्यावर जाऊन बसे.

डिसेंबरच्या मध्याला वॉर्डात वत्सलेचा सख्खा धाकटा भाऊ आला.

अमरसिंह शेती बघत होता. आधी पंचमी-अमावास्येला पीत असे, मग भात विकल्यावर, मग भात विकायच्या आशेवर. सप्टेंबरात पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या कलियपेरुमाळशी जुंपली, आणि अमरसिंहानं नशेत डिझेल पंपाचं हँडल त्याच्या कानशिलात घातलं. कलियपेरुमाळ वाचला, पण त्याचा डावा कान कायमचा गेला. मॅजिस्ट्रेटनं अमरसिंहाला सांगितलं की उपचार पुरे कर, मग वर्षभर प्रोबेशन ऑफिसरच्या नजरेखाली दारूवाचून राहा. नाही राहिलास तर दोन वर्षं तुरुंग.

डॉक्टरांनी वत्सलेला विचारलं, "तुम्हाला दुसऱ्या वॉर्डात टाकू का?"

"नको. इथं तो माझा पेशंट."

"आणि घरी?"

"घरी माझ्या जिवाला घोर."

अमरसिंहाची मुलगी हरिता, तिचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. मुलगा तिरुचीला खासगी बँकेत होता, माणसं बरी होती. भावजय चंद्रमती फाटकाशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वत्सलेनं कित्येक महिन्यांनी हसू पाहिलं.

"अक्का, मंडल संपतं आणि पुढच्या आठवड्यात लग्न. देवानंच जमवून दिलं बघा."

"व्याह्यांना काय सांगितलंस? मुलीचा बाप कुठं आहे म्हणून?"

"व्रताला बसलेत म्हणून सांगितलं." चंद्रमतीनं पदर सावरला. "खोटं कुठं आहे?"

शब्द वत्सलेचाच होता.

अमरसिंह वॉर्डात असा वागला की इतरांनी त्याला पाहून शिकावं. थरथर थांबली तशी त्यानं गार पाण्याची आंघोळ धरली. नव्यानं आलेल्यांना तोच धीर देई, "पडून राहा सामी, चार दिवस वाईट, मग सोपं." गोलात बसला की गोड बोले. कलियपेरुमाळचा विषय निघाला की हात जोडून म्हणे, "देव क्षमा करील." वत्सला रात्री जेवताना कृष्णाजीला सांगे, "बाबांसारखा दिसायला लागलाय हो."

जानेवारीत, पोंगलचा सण होऊन गेल्यावर, ती एके संध्याकाळी फुलं घ्यायला बाजारात गेली. तिथं राजम बसायची. राजमचा नवरा मारिमुत्तू रिक्षा चालवत असे. एका पोलिसाच्या अंगावर रिक्षा घातली म्हणून मंडलाच्या अगदी पहिल्या खेपेत तो वॉर्डात आला होता.

"या सिस्टर! तुमच्याकडून पैसे घेणार नाही मी."

"ते राहू दे. मारिमुत्तू कसा आहे?"

"छान आहे." राजमची बोटं झरझर मोगरा गुंफत होती. "पितो."

वत्सलेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पितो? कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. वॉर्डात एक थेंब शिवला नाही हो, खोटं कशाला बोलू. सकाळी नारळ फोडला, नवी वेष्टी नेसला, माझ्याबरोबर घरी आला, पोटभर जेवला. संध्याकाळी गेला तो त्याच वेष्टीवर ओकून परत आला."

"अगं पण त्याच दिवशी?"

"मग? व्रत संपलं ना." राजमला नवल वाटलं, एवढी शिकलेली बाई हे काय विचारते म्हणून. "दर वर्षी शबरीमलैला जातात तेव्हा पण असंच. मंडलभर शहाणे. माळ उतरली की पायथ्यालाच प्यायला बसतात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमचं मंडल एकदम व्यवस्थित झालं." तिनं फुलांची लड केळीच्या पानात बांधून दिली. "पुढचं कधी लागतं हो? परत आणून सोडते. तेवढे दिवस मला झोप तरी मिळते."

वत्सला फुलं हातात घेऊन उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "अम्मा, सरका," तेव्हा सरकली.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोबेशन ऑफिसरला गाठून बाकीच्यांची चौकशी केली. सगळे नव्हे, पण बरेचसे घसरले होते, आणि बहुतेक वॉर्डातून सुटल्या सुटल्या. पूर्वीही लोक घसरत, पण ते कुठंतरी अधेमधे, भांडण झालं म्हणून, मयत झालं म्हणून. असं मुहूर्त धरून कुणी घसरलं नव्हतं.

त्या दुपारी ती औषधांचा ट्रे घेऊन अमरसिंहाच्या खाटेशी गेली. त्यानं गोळ्या घेतल्या, वर पाणी प्याला, आणि अगदी सहज विचारलं, "अक्का, मंडल उजाडताना संपतं का मावळताना?"

"का रे?"

"असंच."

लहानपणी आईनं लाडू डब्यात भरून ठेवले की तो याच आवाजात विचारायचा, नैवेद्य कधी दाखवणार? वत्सलेनं ट्रे घट्ट धरला. समोर नुसता तिचा भाऊ नव्हता; हरिताच्या मांडवात तिरुचीच्या पाहुण्यांसमोर लडखडणारा बाप होता, आणि त्याच्यामागं दोन वर्षांचा तुरुंग.

ती तडक डॉक्टरांकडं गेली आणि राजम काय म्हणाली ते सांगितलं. सेतुमाधवांनी पेनला टोपण लावून ते बाजूला ठेवलं.

"मी नुसते आठवडे दिले होते," ते म्हणाले. "नाव तुम्ही दिलंत."

"हो. माझीच जीभ."

"मलाही आवडलं होतं ते. वॉर्ड इतका शांत कधी नव्हता." मग म्हणाले, "अमरसिंहाला आणखी ठेवून घेऊ? एक खाट मी कशीतरी काढतो."

हा मोह मोठा होता. लग्न बापाशिवाय लागेल, कन्यादान काका-मामा कुणी करील, पण तो गजाआड सुखरूप राहील. वत्सलेनं क्षणभर तसं चित्र डोळ्यांपुढं आणूनही पाहिलं.

"ठेवलंत तर तो दुसरं मंडल धरील," ती म्हणाली. "आणि ते पण संपेल."

"मग काय करायचं?"

"संपवायचंच नाही. आपल्यात म्हणतात ना, उद्यापन केल्याशिवाय व्रत उतरत नाही. ह्यांनी नारळ फोडला की मोकळे. तो नारळच बंद करा. आणि दर शनिवारी इथं यायचं. पूर्वी शेवटी घरी जाऊन परत येत होते, तसंच. फक्त आता राहायचं ते घरीच. त्याला खाट लागत नाही."

"खाट लागत नाही म्हटल्यावर वरच्यांची हरकत नाही. पण शनिवारी दुपारी बसणार कोण? माझ्याकडं माणूस नाही."

"मी."

"आणि कृष्णाजींना सांगणार कोण?"

"ते पण मीच."

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "मी प्रोबेशन ऑफिसरशी बोलतो. आणि तुम्ही ह्यांना एवढं सांगा, पिऊन लपला तर कोर्ट, पिऊन आला तर वॉर्ड."

अमरसिंहाच्या खेपेचा शेवटचा दिवस उजाडला. सगळे पहाटेच न्हाऊन, कपाळाला विभूती लावून व्हरांड्यात उभे होते. फाटकाबाहेर बायका नव्या वेष्ट्या घेऊन आल्या होत्या. पोंगलचा वास नव्हता, कापूर नव्हता. वत्सला पुढं आली आणि तिनं सरळ सांगून टाकलं.

"आज नारळ नाही. हे मंडल नव्हतंच. उपचार अर्ध्या वर्षाचे होते, जागा नाही म्हणून ते कापले, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी त्याला मंडल म्हटलं. आजपासून घरी जा. पण काही संपलेलं नाही. शनिवारी परत यायचं."

जो गलका झाला त्यात देवाची, सरकारची आणि वत्सलेच्या सात पिढ्यांची नावं आली. अमरसिंह सगळ्यांत पुढं होता. तो मराठीत ओरडला, म्हणजे इतरांना कळू नये, पण आवाजावरून सगळ्यांना कळलं.

"मला फसवलंस तू! एवढं पाळलं मी, आणि उद्यापन नाही? अर्धवट सोडलं तर देव काय म्हणेल?"

"देवाला मी सांगते काय सांगायचं ते. तुला आजार आहे अमऱ्या, व्रत नाही. साखरेचा रोगी उद्यापन करतो का?"

"मी पुरं केलं!"

"काय पुरं केलंस?" वत्सलेचाही आवाज चढला. "कलियपेरुमाळच्या कानाचं मंडल झालं का पुरं? तो अजून हाक मारली की उलट्या बाजूला बघतो. त्याचं उद्यापन कधी आहे ते विचारून ये, मग मी नारळ आणते."

गोलात इतके दिवस कलियपेरुमाळ देवाच्या हवाली करून अमरसिंह मोकळा होत असे. तो मागं वळला, दाराबाहेरच्या ढिगातून आपल्या धुळीनं माखलेल्या चपला शोधून काढल्या आणि नवी वेष्टी न नेसताच निघून गेला.

चंद्रमती मात्र गेली नाही. "लग्न तोंडावर आलंय, आणि तुम्ही अपशकुन केलात," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सख्खी आत्या ना तुम्ही तिची? एक नारळ जड झाला तुम्हाला?" तिच्या हातातली वेष्टी तिनं तशीच घडी मोडून पिशवीत कोंबली. वत्सलेला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

लग्नाला वत्सला आणि कृष्णाजी आदल्या दुपारीच गेले. ओरत्तनाडूला नवं कल्याणमंडपम, म्हणजे मंगल कार्यालय, झालं होतं, भिंतींना गुलाबी रंग, स्टेजवर प्लास्टिकची झुंबरं. चंद्रमतीनं वत्सलेला हळदीकुंकू लावलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही. वत्सला आपणहून स्वयंपाकघरात गेली. आचाऱ्यांना रसवांगी येत होती, पण त्यांच्या हातची नाही तर घरची चव हवी म्हणून ती वांग्यांपाशी जाऊन बसली. घरच्या कामात माणसाला कुणी काढून टाकू शकत नाही.

संध्याकाळी नवऱ्या मुलाकडचं वऱ्हाड आलं. रात्रीच्या जेवणाआधी मुलाचे दोन मामा मागच्या अंगणात उभ्या केलेल्या गाडीपाशी घुटमळू लागले. लग्नाघरी हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी पाहिलेलं नसतं. गाडीची डिकी उघडी होती. वत्सला मागच्या दारातून वांग्यांच्या देठांची टोपली टाकायला आली तेव्हा एक मामा अमरसिंहाच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होता, "या व्याहीबुवा! मुलीची आई म्हणाली तुम्ही व्रतात होता. आता झालं ना पुरं? मग आज आमच्या नावानं एक."

वत्सला टोपली घेऊन जागीच थांबली. अमरसिंहानं गाडीकडं पाहिलं. मग त्याला दारात उभी असलेली बहीण दिसली. त्याच्या नजरेत राग होता, अजून तसाच्या तसा.

"नाही झालं," तो मामाला म्हणाला. "उद्यापन व्हायचंय."

"अरे वा! कधी?"

"ते आमच्या अक्काला विचारा." असं म्हणून तो तिच्या अंगावरून स्वयंपाकघरात गेला आणि आचाऱ्याच्या हातातली खवणी घेऊन नारळ खवत बसला. इतका वेळ बसला की आचारी म्हणाला, "राजा, पुरे, खोबऱ्याचा डोंगर झाला." वत्सलेनं आणखी एक नारळ फोडून त्याच्यापुढं सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हरिताचा हात जावयाच्या हातात दिला तेव्हा त्याचा हात स्थिर होता. चंद्रमती रडली. जेवणाच्या पंक्तीत तिनं स्वतः वत्सलेच्या पानावर दुसऱ्यांदा तूप वाढलं. दोघींना तेवढं पुरलं.

कृष्णाजी परतीच्या बसमध्ये म्हणाला, "जिंकलीस की गं."

"काय जिंकायचंय," वत्सला म्हणाली, पण तिलाही मनातून तसंच वाटत होतं.

लग्नानंतरच्या शनिवारी दुपारी व्हरांड्यात चटया टाकल्या होत्या. राजम मारिमुत्तूला जवळजवळ दंडाला धरून घेऊन आली होती. "मंडल नाही म्हणतात, सगळे शनिवार म्हणतात," ती इतर बायकांना समजावत होती, "संपायचं काम नाही." मारिमुत्तू तिच्याशेजारी शाळेत बसवलेल्या पोरासारखा बसला होता. आणखी काही जण आले होते, काही आले नव्हते. अमरसिंह आला नव्हता.

फाटकाकडं पाहणं वत्सलेनं दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा पाहिलं. बाहेर, पिळ्ळैयारच्या देवळीपाशी, तो उभा होता. बराच वेळ उभा असावा. त्याच्या मागं, रस्त्यापलीकडच्या सावलीत, चंद्रमती होती. ती पुढं येत नव्हती आणि जातही नव्हती.

वत्सला फाटकापर्यंत गेली. ब्रांडीचा वास आधी आला. शिळा होता, आदल्या रात्रीचा.

"हरिता सासरी गेली," अमरसिंह म्हणाला. "दारचा मांडवही उतरवला. सगळं संपलं. आणि मग..." तिच्या तोंडाकडं न पाहता तो म्हणाला, "मोडलं, अक्का. आता काय राहिलं? ऑफिसरला फोन कर, मी जातो तुरुंगात."

लग्न पार पडलं म्हणून वत्सला निर्धास्त झाली होती. लग्नालाही शेवट असतो हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. पण तिनं फाटकाची कडी काढली.

"मोडायला व्रत कुठं होतं? आजार आहे. एका दिवसाचं औषध चुकलं, दुसऱ्या दिवशी घ्यायचं."

"कोर्ट?"

"पिऊन लपलास तर कोर्ट. आलास ना? मग वॉर्ड. डॉक्टरांना मी सांगते, आणि ऑफिसरला ते सांगतील. लपवणार कुणीच नाही."

तो आत आला. दाराशी सवयीनं चपला काढायला वाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "घालूनच ये."

चपला फटफटवत तो व्हरांड्यात गेला. मारिमुत्तूनं चटईवर सरकून जागा केली. वास त्यालाही आला असणार, पण त्यानं नाक नुसतं चोळलं. सगळे अमरसिंहाकडं पाहत होते. त्यानं हात जोडले, जुन्या सवयीनं देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"बोल," वत्सला तमिळमध्ये म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. "काय झालं ते सांग."

चंद्रमती केव्हा रस्ता ओलांडून फाटकाच्या आत आली ते वत्सलेनं पाहिलं नाही. ती अमरसिंहाचा चेहरा पाहत होती. तो काळवंडला होता, वाकडा झाला होता, त्यात गोड असं काही उरलं नव्हतं. मग अमरसिंह बोलू लागला, आणि त्यानं सुरुवात केली ती दारूपासून नव्हे, तर काल सकाळी बांधावर कलियपेरुमाळ दिसला आणि आपण हाक मारली, तेव्हा तो कुठल्या बाजूला वळला, तिथून.